आधी केव्हा, मग कुठून

झाडीपट्टीच्या बोलीत ळचा र होतो. डोळा म्हणजे डोरा, फळ म्हणजे फर, आणि कावीळ म्हणजे कावीर. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात कुणाचे डोरे पिवळे दिसले की निदान तिथल्या तिथे झालेलं असतं. मग ती उतरवायची. कोण उतरवतो, कोणत्या वारी उतरवतो, तेल-हळद किती दिवस बंद, हे घरातल्या बायकांना तोंडपाठ. नववीत असताना मी स्वतः त्या रांगेत बसलो आहे. म्हाताऱ्याने हातांवर कसल्याशा सालीचा रस चोळला आणि पितळेच्या परातीतल्या चुन्याच्या निवळीत मनगटापर्यंत हात बुडवायला लावले. पाणी हळूहळू पिवळं होत गेलं, शेवटी पार वरणासारखं. ‘निघाली,’ म्हातारा म्हणाला. मला ती निघताना दिसली होती, शंका घ्यायला जागाच नव्हती. तोच रस निरोगी माणसाच्या हातांवर चोळला तरी पाणी तितकंच पिवळं होतं, हे कळायला पुढे पंधरा वर्षं लागली.

त्या म्हाताऱ्यावर मी आज हसत नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक बरे होत, आणि खरोखरच बरे होत. गाव जिला एकच कावीर समजतं, ती वेगवेगळ्या विषाणूंची असते. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात, काही आठवडे छळतात आणि निघून जातात. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विणकरांच्याच गावात, हजारो लोक आजारी पडले ते ईमुळे, पाण्यातून. काही दगावले, बाकीचे बरे झाले आणि प्रकरण संपलं. हिपॅटायटिस बी रक्तातून येतो. तरीही धडधाकट मोठ्या माणसाला तो झाला, तर शंभरातल्या पंचाण्णवांच्या शरीरातून सहा महिन्यांच्या आत आपणहून हटतो. त्यासाठी माळ लागत नाही, चुन्याचं पाणी लागत नाही, आणि बहुतेकांना सलाईनही लागत नाही. शंभरातल्या एखाद्याचं यकृत त्या झटापटीत कोसळतं, पण असा रोगी नागपूरच्या वाटेवर असतो, म्हाताऱ्याच्या हिशेबात येत नाही. असा धंदा ज्याच्या हाती आहे त्याला यश येणारच.

त्याची चूक उरलेल्या पाचांत आहे. डोळे पांढरे झाले, भूक लागली, की त्याच्या लेखी कावीर उतरली. सहा महिन्यांनी रक्त तपासून घे, असं तो कुणाला सांगत नाही. ते पुष्कळ पदवीधर डॉक्टरही सांगत नाहीत, म्हणून सगळा दोष एकट्या म्हाताऱ्यावर टाकायला मी तयार नाही.

आंधळगाव मोहाडी तालुक्यातलं, कोसा रेशमाचं गाव. करवत काठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी दिसते, ती इथल्या आणि मोहाडीच्या मागांवर तीन धोटे फिरवून विणली जाते. माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत. तरी दुपारी गल्लीतून गेलं की एखाद्या घरातून खटक-खटक ऐकू येतं, आणि दारात म्हातारी कांडी भरत बसलेली असते. अशाच एका घरातला बेचाळीस वर्षांचा विणकर डोळ्यांसमोर आणू. धडधाकट माणूस, कधी कावीर झालेली नाही. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात त्याने रक्त दिलं, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला की येऊन भेटा. हातात चिठ्ठी मिळाली. तिच्यावर ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’ असं लिहिलेलं, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीची खूण सापडली. त्याने ती चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि दोन दिवस कुणाला दाखवली नाही. दाखवली तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा: कुठून लागलं?

हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. पण त्यातला ‘कुठून’ नावापुरता असतो, विचारायचं असतं ‘कुणाकडून’. दवाखान्याच्या भिंतीवरचं भित्तिपत्रक पाहून आलेल्या भावाला चार कारणं पाठ झालेली असतात: दूषित सुई, दूषित रक्त, असुरक्षित संबंध, आईकडून बाळाला. पत्रकावर चारही एकाच मापाच्या अक्षरांत छापलेली असतात. माणूस त्यातलं सर्वांत चवदार कारण उचलतो. गडी दोन वर्षं बाहेरगावी कामाला होता ना? मग झालंच.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न चुकीच्या टोकाने धरला जातो. आधी ‘केव्हा’ विचारायला हवं. बीच्या बाबतीत ‘केव्हा’चं उत्तर मिळालं की ‘कुठून’चं निम्मं उत्तर आपसूक मिळतं, आणि ते बहुतेक वेळा घराने मनात योजलेल्या उत्तरापेक्षा निराळं असतं.

विषाणू अंगात शिरला तेव्हा माणसाचं वय काय होतं, यावर तो राहणार की जाणार हे ठरतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो. एक ते पाच वर्षांच्या वयात लागण झाली तर साधारण पाव ते निम्म्या मुलांमध्ये राहतो. मोठ्या माणसात पाच टक्के किंवा त्याहूनही कमी. ‘कायमचा’ म्हणजे रक्तातलं ते एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही जात नाही. आता उलट मोजा. एखाद्या बेचाळीस वर्षांच्या माणसात जुना, मुरलेला बी सापडला, तर त्याला तो चाळिशीत लागून पाचांत गेला याची शक्यता जास्त, की तो तीन वर्षांचा असताना लागून आजवर गुपचूप राहिला याची? आपल्या देशातले बहुतेक जुने वाहक लहानपणीच लागण झालेले आहेत, आणि त्यांतही आईकडून जन्मवेळी जितकी लागण होते त्याहून पुष्कळशी पुढच्या पाच वर्षांत, घरातल्या-गल्लीतल्या पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांतून, खरजेच्या फोडांतून आणि सुयांतून झालेली. हा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागात, सात दिवस तग धरतो. एका चिंधीने दोन पोरांच्या जखमा पुसल्या तरी त्याचं काम होतं. म्हणजे ज्या चारित्र्याची घरात चौकशी चालली आहे, ते त्या वेळी चड्डीत विटीदांडू खेळत होतं.

मोठ्या वयात लागलेला बी राहत नाही याचा एक पुरावा इतका मोठा आहे की कुणी मुद्दाम प्रयोग केला असता तर त्याला तुरुंगात टाकलं असतं. १९४२ साली अमेरिकी सैन्यात पीतज्वराची लस टोचली गेली. लस टिकवायला तिच्यात माणसाच्या रक्ताचा द्रव घातला होता, आणि त्यात बी होता. पन्नास हजारांच्या आसपास सैनिक काविळीने इस्पितळात दाखल झाले. लागण झालेल्यांचा अंदाज तीन लाख तीस हजारांपर्यंत जातो. चार दशकांनंतर त्यांतल्या काही माजी सैनिकांचं रक्त तपासलं. लागण होऊन गेल्याच्या खुणा भरपूर होत्या, पण विषाणू अजून बाळगून असलेले हजारात तीनही नव्हते. सगळे तरुण, निरोगी, खाऊनपिऊन सुखी, आणि सगळ्यांना लागण सुईतून. इतके कावीळवाले आंधळगावच्या म्हाताऱ्याकडे आले असते तर त्याचं देऊळ बांधलं असतं.

असं का होतं? बीचा विषाणू यकृताची पेशी स्वतः मारत नाही. तो तिच्यात घर करतो आणि तिच्याकडून आपली कामं करवून घेतो. पेशी मारते ती आपली प्रतिकारशक्ती, विषाणूला हुसकावण्यासाठी. घरात साप शिरला म्हणून आपणच कौलं उतरवावीत, तसं. डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी होते, अन्नाचा वास नकोसा होतो, ही सगळी त्या कौलं उतरवण्याची धूळ आहे. म्हणून बीच्या बाबतीत गावाची समजूत नेमकी उलटी पडते. ज्याला जोरात कावीर झाली, जो महिनाभर खाटेवर पडला, त्याच्या शरीराने विषाणूला बहुधा हाकलून दिलेलं असतं. ज्याला काहीच झालं नाही, नुसता आठवडाभर थकवा आला आणि ‘उन्हाचं असेल’ म्हणून जो मागावर बसला, त्याच्यात तो राहण्याची भीती जास्त.

तान्ह्या बाळाच्या शरीराला परकं कोण आणि आपलं कोण हे अजून ओळखायचं असतं. विषाणूचं ई-अँटिजेन नावाचं एक प्रथिन आईच्या वारेतून आधीच बाळाकडे पोचलेलं असतं, आणि त्याची सवय झालेली प्रतिकारशक्ती विषाणू आला तरी त्याला घरचाच समजते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दुसरी युक्ती भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. धानाच्या लोंबीत पोचट दाणे असतात, वरून भरल्यासारखे, आत तांदूळ नाही. बीचा विषाणू असे पोचट कण भरल्या कणांच्या हजारोपट संख्येने रक्तात सोडतो. प्रतिकारशक्ती पोचटांवर दगड मारत बसते आणि वर्षानुवर्षं दगड मारून थकते. चिठ्ठीवरचं एचबीएसएजी म्हणजे मुख्यतः याच टरफलांची नोंद. १९६५मध्ये बरूच ब्लुमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात प्रथम पकडलं ते हे टरफलच, आणि म्हणून जुने डॉक्टर त्याला अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. ब्लुमबर्ग यांना १९७६चं नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हाच आता जागतिक हिपॅटायटिस दिन.

मग मोठेपणी लागण होऊन पाचांत सापडणारे कोण? त्यांतलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन. जुलै १९८२मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात ते जखमी झाले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. सुमारे २०० दात्यांच्या ६० बाटल्या रक्त आपल्याला चढवलं गेलं आणि त्यातून बी आला, हे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. कळलं ते जवळजवळ दोन दशकांनंतर, नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला होता. त्यांच्या बाबतीत विषाणू का टिकला हे कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण ज्यांची प्रतिकारशक्ती त्या क्षणी दुसऱ्याच लढाईत गुंतलेली किंवा दडपलेली असते, त्यांच्यात तो टिकण्याची शक्यता वाढते, एवढं नक्की. डायलिसिसवरचे रोगी, एचआयव्ही असलेले, कर्करोगाची औषधं चालू असलेले, हे सगळे त्यात येतात. विषाणूच्या वाणाचाही संबंध आहे. आपल्याकडे बीचे मुख्यतः ए आणि डी हे वाण दिसतात, आणि त्यांतला ए वाण मोठ्या माणसातही चिवटपणे राहतो असं जपानमधल्या अनुभवावरून दिसलं आहे.

या यादीत मी आणखी एक गोष्ट घालीन. कंबर धरली, गुडघे दुखले, की ‘एक सुई मारून द्या’ म्हणणाऱ्याला ज्या सुया मिळतात त्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. माणूस दुसऱ्या दिवशी तुरुतुरु चालतो आणि डॉक्टरचं नाव होतं. दिवसभर खड्डामागावर पाय सोडून बसणाऱ्याच्या कंबरेला असं नाव काढणारा डॉक्टर लागतोच. पण तेच स्टेरॉईड अंगात आधीच असलेल्या बीला मोकळं रान देतं. म्हणजे सुई विषाणूला आत आणू शकते आणि आत असलेल्याला पोसूही शकते.

सुईकडे जास्त वेळ पाहायला हवं, कारण गावात मोठ्या माणसाला बी नव्याने लागतो तेव्हा पहिला संशय तिच्यावर घ्यावा असं मला वाटतं. माझ्या लहानपणी डॉक्टरच्या टेबलावर स्टोव्ह असे, त्यावर स्टीलचं लांबट भांडं, आत काचेच्या सिरिंजा बुडबुड्यांत थरथरत पडलेल्या. गर्दीच्या दिवशी पाणी उकळायच्या आधीच चिमटा आत जाई. मग प्लास्टिकची ‘वापरा आणि फेका’ सिरिंज आली, आणि आपण फक्त तिचं पहिलं क्रियापद घेतलं. २००२-०३मध्ये देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी जवळपास दोन तृतीयांश असुरक्षित आढळली होती. त्यांतली बहुतेक लसीची नव्हती, उपचाराची होती, म्हणजे ताप, अशक्तपणा, अंगदुखी यांसाठी, जिथे गोळी पुरली असती. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. पण गोळी देणारा डॉक्टर आमच्याकडे अजून कच्चाच समजला जातो.

लागण झालेल्याच्या रक्ताची सुई दुसऱ्याला टोचली तर काय होतं, याचा एक ढोबळ हिशेब वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीनाच्या पाढ्याने शिकवतात. एचआयव्ही हजारात तीनदा जातो, हिपॅटायटिस सी शंभरात तीनदा, आणि लस न घेतलेल्या माणसात बी शंभरात तीसदापर्यंत. ज्या एचआयव्हीच्या नावाने गाव दचकतं, त्याच्या शंभरपट. गुजरातेत मोडासा गावाच्या परिसरात २००९च्या सुरुवातीला वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने बीची अशी लाट आली की चारशेहून जास्त लोक आजारी पडले आणि अनेक दगावले. तिथे ‘कुठून लागलं’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, कारण तिथल्या ‘केव्हा’चं उत्तर उघड होतं. बी अंगात शिरल्यापासून दीड ते सहा महिन्यांत काय ते दिसतं. एका गल्लीत, एका महिन्यात चार मोठी माणसं पिवळी पडली, पाणी मात्र स्वच्छ असलं, तर त्यांच्या गेल्या सहा महिन्यांत सुई, दात काढणं, गोंदण, रक्त हे शोधलंच पाहिजे. न्हाव्याचा वस्तराही शोधावा, पण पात बदलण्याची रीत आता खेड्यातही रुजली आहे, म्हणून तो यादीत मागे.

रक्ताची गोष्ट विदर्भात निराळ्या वजनाची. इथे सिकलसेल आहे, आणि त्या रोग्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या दात्यांवर बंदी आली आणि प्रत्येक बाटलीची बीसाठी तपासणी होते, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला. संपला असं नाही, कारण लागण झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे तपासणीत काही सापडत नाही. आणि हो, लैंगिक संबंधातूनही बी जातो, नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून नवऱ्याला, अगदी एकनिष्ठ संसारातही. हे मी लपवत नाही. संशय घ्यायला सोपं एवढ्यावरून ते रांगेत पहिलं लागू नये, एवढंच.

हा संशय कुणावर जातो ते पाहिलं की तपासणीचा क्रमच कसा अन्याय करतो ते कळतं. खेड्यात धडधाकट माणसाचं रक्त सहसा तपासलं जात नाही. तपासलं जातं ते गरोदर बाईचं. एचआयव्ही, सिफिलिस, बी, सगळं तिच्या कार्डावर चढतं. त्यामुळे घरातली पहिली चिठ्ठी तिच्या नावाने येते, आणि जिची चिठ्ठी पहिली तिनेच रोग आणला असं घर धरून चालतं. नवऱ्याचं, सासूचं, दिराचं रक्त कोऱ्या कागदासारखं निर्दोष राहतं, कारण त्यावर कुणी काही लिहिलेलंच नसतं. काही घरांत तिला माहेरी पाठवतात. बाळंतपणासाठी नव्हे.

‘केव्हा’ सांगणारी एक तपासणी उपलब्ध आहे. बीच्या गाभ्याविरुद्धच्या आयजीएम प्रतिपिंडाची. ती पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा गेल्या काही महिन्यांतली. निगेटिव्ह असेल आणि एचबीएसएजी मात्र पॉझिटिव्ह, तर पाहुणा जुना आहे. ही तपासणी अचूक काटा नव्हे, जुना बी उसळला तरी ती कधी कधी पॉझिटिव्ह येते, म्हणून डॉक्टर बाकीचंही पाहतात. पण ज्या घरात एका कागदावरून संसार मोडायला निघतात, तिथे दुसरा कागद मागण्याचं शहाणपण निदान असावं. आणि मग सगळ्या घराचं रक्त. भावंडांत आणखी दोघे निघाले, तर बाहेरगावच्या दोन वर्षांची कहाणी तिथेच संपते.

चिठ्ठीनंतर घरात दुसरी एक गोष्ट होते. भांडं वेगळं काढलं जातं. ताट, पेला, कधी कधी खाटही. बी एका ताटात जेवल्याने, उष्ट्या पेल्याने, खोकल्याने, मिठी मारल्याने लागत नाही. बाळाला लस दिलेली असेल तर आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दातांचा ब्रश, नखं काढायची पात. म्हणजे जे वेगळं हवं ते सामाईक राहतं आणि पेला वेगळा होतो. १९५४ची पोटनिवडणूक बाबासाहेब आंबेडकर ज्या भंडारा मतदारसंघातून लढले आणि हरले, तिथे वेगळ्या पेल्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये. एचआयव्ही असलेल्यांना भेदभावापासून वाचवणारा कायदा २०१७मध्ये झाला. बीवाल्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही, आणि आखाती देशांत कामाला निघालेला पोरगा याच एका तपासणीत ‘अनफिट’ ठरून मुंबईहून परत येतो.

आता त्या विणकराकडे परत. त्याचा विषाणू जुना निघाला असं धरू. तो जाईल का? इथे मला मागाशिवाय दुसरा दाखला सुचत नाही. मागावर ताणा चढवला की विणकर धोटा फिरवतो आणि कापड तयार होतं. कापड कापून नेलं तरी ताणा मागावरच असतो. बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात आपला डीएनए बंद कड्यासारखा चढवून ठेवतो, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोजची एक गोळी धोटा थांबवते. नवं कापड निघत नाही, यकृताची झीज थांबते, सिरॉसिसचा आणि कर्करोगाचा धोका उतरतो. ताणा मात्र निघत नाही. म्हणून गोळी सहसा वर्षानुवर्षं घ्यायची, आणि मनाने बंद केली तर विषाणू उसळून येतो. जे मोठेपणी लागण होऊन पूर्ण बरे झाले, त्यांच्याही यकृतात ताण्याचे दोन-चार धागे उरतात. पुढे कर्करोगाची काही औषधं घेताना ते जागे होऊ शकतात, म्हणून लहानमोठी कशीही कावीर होऊन गेली असेल तर ती उपचारापूर्वी सांगायची. प्रत्येक वाहकाला गोळी लागत नाही, पण प्रत्येकाला ठरावीक काळाने तपासणी लागते. लहानपणी लागण झालेल्या आणि दुर्लक्षिलेल्या लोकांपैकी सुमारे चौथाई पुढे यकृताच्या आजाराने मरतात. गाव त्यांना ‘दारूने गेला’ म्हणतं. त्यांतल्या काहींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नसतो. दारू प्यायले असते तर लवकर गेले असते, हे मात्र खरं.

२८ जुलै २०१८ला केंद्राने हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात बीची तपासणी व औषध मोफत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये भारतात बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते. जगभरात अशा लोकांपैकी ज्यांना आपल्याला बी आहे हे ठाऊक आहे ते शंभरात तेरा, आणि औषध घेणारे तीन. फुकट औषध कपाटात आहे आणि रोगी मागावर आहे. मधला रस्ता त्या चिठ्ठीतून जातो. चिठ्ठीला लाज चिकटवून आपण तो रस्ता बंद केला आहे.

लसीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. बीची लस १९८०च्या दशकापासून जगात आहे. १९९७मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली आणि भाव कोसळला. २००२मध्ये काही भागांत सुरुवात होऊन २०११पर्यंत ती देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर. तैवानने हेच १९८४मध्ये सुरू केलं आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. म्हणजे आज आंधळगावच्या प्राथमिक शाळेतलं पोरगं सुरक्षित आहे. त्याचा बाप, काका, मागावर बसणारा मामा, पंचविशीतली मावशी, यांतलं जवळजवळ कुणीही नाही. आपण मुलांचं रक्षण केलं आणि मोठ्यांना त्यांच्या नशिबावर सोडलं, जणू मोठी माणसं सुई टोचूनच घेत नाहीत. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांवर. किमान वाहकाच्या घरात ते प्रत्येकाला द्यायला हवेत, त्याच आठवड्यात, चौकशी सुरू व्हायच्या आधी.

विणकराची बायको तपासली, निगेटिव्ह निघाली. लस घेऊन सुरक्षित झाली. दोन्ही पोरं लसीकरणातली. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. तो चिठ्ठी घेऊन आला तेव्हा बाहेरगावच्या दोन वर्षांचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मग कुणीतरी दाराकडे पाहिलं. तिथे म्हातारी कांडी भरत बसली होती, चाक फिरवत, कोशाचा धागा बोटांतून सोडत. तिची आई कशाने गेली कुणाला आठवत नव्हतं, पोटात पाणी झालं होतं एवढंच म्हातारी सांगते. घरात आता ‘हिच्याकडूनच’ अशी कुजबुज सुरू झाली आहे. तिच्या रक्ताचा नमुना अजून कुणी घेतलेला नाही.